कमलाकरची बायको

दाराच्या फटीतून आत पडणाऱ्या टपालाची लीलावतीबाईंना भीती वाटे. लंडनच्या पिनर भागातल्या त्या घरात टपाल अकराच्या सुमाराला येई आणि त्या वेळी घरात एकट्या त्याच असत. पायपुसण्यावर कागद पडल्याचा आवाज आला की हातातली भाजी हातातच राही. मग चष्मा लावून एकेक पाकीट उलटंपालटं करायचं. हे मुलाचं, हे सुनेचं, हा पिझ्झावाल्यांचा कागद. आपलं नाव कुठे नाही याची खात्री पटली की मगच चहाचं आधण. अकरा वर्षं हा नेम चालला होता आणि अकरा वर्षांत दवाखान्याच्या तारखा सोडल्या तर त्यांच्या नावाने एक कागद आला नव्हता. बाईंच्या मते यापेक्षा सुखाची गोष्ट नव्हती.

२००५च्या एप्रिलात मात्र तो आला. साधं पांढरं कार्ड, पाकीटसुद्धा नाही. म्हणजे पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचलेलं! इंग्रजी अक्षरं बाईंना एकेक जोडून वाचता येत. त्यांनी जोडली. लीलावती कमलाकर बोधनकर. पहिलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं ठसठशीत. खाली कसली तरी तारीख, वेळ आणि एका जागेचा पत्ता.

तारीख, वेळ, जागा. म्हणजे बोलावणं. सरकार बोलावतं ते कशाला, हे सांगायला कोणी लागत नाही. बाई तिथेच जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या आणि मग उठून त्यांनी ते कार्ड पोह्यांच्या डब्यात, पोह्यांच्या खाली, खोल घालून ठेवलं.

आता याला कोणी हसेल. हसावं, पण आधी बाईंचं विमानतळावरचं पहिलं येणं ऐकावं. नवरा गेला, नागपूरजवळचं घर विकलं आणि पासष्टाव्या वर्षी त्या एकुलत्या एक मुलाकडे, संजयकडे, यायला निघाल्या. इकडे उतरल्यावर काचेमागच्या माणसाने विचारलं, नाव काय? बाई गप्प. त्याने पुन्हा विचारलं, हळू, मग मोठ्याने. बाईंच्या तोंडाला कुलूप. नाव माहीत नव्हतं असं नाही, पण अनोळखी पुरुषाने नाव विचारलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटे ती चिकटेच. शेवटी त्यांना एका खोलीत बसवलं आणि बाहेर ताटकळणाऱ्या संजयला शोधून आणेपर्यंत तीन तास गेले. त्या तीन तासांचा धसका बाईंनी जपून ठेवला होता, लोक दागिना जपतात तसा.

पोह्यांचा डबा चार दिवस टिकला. रविवारी सकाळी सुनेने, मंजिरीने, कांदेपोहे करायला डबा उघडला आणि तिच्या मुठीत पोह्यांबरोबर इंग्लंडचं सरकार आलं.

“आई, हे काय हो?”

बाईंनी पदर तोंडाला लावला. संजयने कार्ड हातात घेतलं, वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. हे बाईंनी पाहिलं, आणि त्यांची होती नव्हती ती आशाही गेली. संजय सत्तेचाळीस वर्षांचा, बांधकामाचा इंजिनिअर, वीस वर्षं या देशात. तो घाबरला म्हणजे घाबरण्यासारखंच असणार.

“पोल कार्ड आहे,” तो म्हणाला. “पाच मेच्या इलेक्शनचं. तुझं नाव व्होटर्स लिस्टवर गेलं कसं?”

कसं गेलं ते दहा मिनिटांत कळलं. संजयने अन्वीला ब्रिस्टलला फोन लावला. अन्वी म्हणजे त्याची मुलगी, एकोणीस वर्षांची, तिथे युनिव्हर्सिटीत, जन्म इथलाच आणि मराठी मोडकी. कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, दर वर्षी घरात कोण कोण मतदार आहेत याचा एक फॉर्म येतो. तो भरणं हे संजयचं काम, आणि संजय दर वर्षी स्वतःचं आणि मंजिरीचं नाव लिहून मोकळा होई. गेल्या शरद ऋतूत त्याला वेळ नव्हता, म्हणून अन्वीने भरला.

“मी आजीचा नाव टाकली,” स्पीकरवरून तिचा आवाज आला. “का नाही? ती इथेच राहतो ना? आजी, तू व्होट करू शकतो! कॉमनवेल्थ सिटिझन्स कॅन व्होट, बाबा. फॉर्मवर लिहिलंय.”

“फॉर्मवर काय लिहिलंय ते मला शिकवू नकोस. आजीचा पासपोर्ट इंडियन आहे. फॉरिनरने मत देणं हा क्राइम आहे, कुठल्याही देशात.”

“बट इट्स नॉट! कौन्सिलला फोन कर ना.”

“कौन्सिलला फोन करू? म्हणजे ते फाइल उघडतील. आजीला इथे ठेवताना मी काय काय लिहून दिलंय, तुला कल्पना आहे?”

आणि इथेच सगळी गोम होती. एक फोन केला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण आपल्या लोकांची एक खोड आहे. दुसऱ्याला कायदा सांगायचा हक्काने, आणि स्वतःवर वेळ आली की कायद्याला विचारायचंच नाही, उगाच त्याचं आपल्याकडे लक्ष नको म्हणून. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही. संजयने त्याच दुपारी संगणकावर इंग्रजीत पत्र लिहिलं. चुकून माझे नाव मतदार यादीत आले आहे, मी भारतीय नागरिक आहे, तरी कृपया नाव काढून टाकावे. बाईंनी पासपोर्टसाठी शिकलेली इंग्रजी सही खाली केली. एल. के. बोधनकर. सही करताना ‘बी’चं पोट फुटलं.

“उद्या पेटीत टाक, आई. इलेक्शनच्या आत नाव गाळलं गेलं पाहिजे.”

घरची पत्रं पेटीत टाकणं हे बाईंचं काम होतं. रोज साडेबाराला त्या साडीवर कोट, पायात सुनेने आणलेले स्पोर्ट्‌स शूज आणि कानटोपी अशा थाटात कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत जात आणि परत येत. तेवढाच त्यांचा इंग्लंड देश. सोमवारी त्या पत्र घेऊन गेल्या. पेटीच्या तोंडाशी हात नेला, आणि संजयचा तो शब्द मनात परत आला. नाव गाळलं गेलं पाहिजे. त्यांनी हात मागे घेतला.

हा शब्द त्यांनी याआधी एकदाच ऐकला होता, चोपन्न वर्षांपूर्वी.

देश तेव्हा नवा होता. चार वर्षांचं मूल म्हणा ना. नागपूर मध्य प्रदेशात होतं आणि पहिल्या निवडणुकीच्या याद्या व्हायच्या होत्या. बोधनकरांच्या ओसरीवर शाळेचा एक मास्तर वही घेऊन आला. पुरुषांची नावं सासऱ्यांनी सांगितली. मग मास्तराने बायकांची विचारली. घरच्या सुनेचं नाव परक्या पुरुषाच्या कानावर घालायचं? सासूबाई दाराआडून म्हणाल्या, “लिहा, श्रीधरची आई. लिहा, श्रीधरची बायको. लिहा, कमलाकरची बायको.” कमलाकरची बायको म्हणजे लीलावती, तेव्हा बावीस वर्षांची, पोळ्या लाटत स्वयंपाकघरात बसलेली.

मास्तर म्हणाला, “आई, असं नाही चालायचं. नाव लागतं. नुसती बायको लिहिली तर पुढे गाळतील.”

तेव्हा थोरली जाऊ, सुनीतीवहिनी, पिठाचे हात पदराला पुसत उठली. तिने लीलावतीकडे पाहिलं, म्हणजे चल म्हणून पाहिलं. लीलावतीने मान खाली घालून पोळी लाटली. वहिनी एकटी दारापर्यंत गेली आणि मोठ्याने म्हणाली, “माझं नाव सुनीती. सुनीती श्रीधर बोधनकर. लिहा.”

मास्तर गेला. संध्याकाळी मोठे दीर, श्रीधरराव, घरी आले. त्यांना कोणी काय सांगितलं कोण जाणे. वहिनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवत होती, तोच तांब्या त्यांनी उचलून तिच्या तोंडावर मारला. पुढचा दात अर्धा तुटला. रक्त पुसलं लीलावतीने, आणि तांब्याही घासला लीलावतीनेच. घरात ठरलं की वहिनी विहिरीवर पाय घसरून पडली. हेच शेजाऱ्यांना सांगितलं, हेच पुढे मुलाबाळांना सांगितलं. सांगून सांगून ते इतकं मुरलं की वहिनीही तसंच म्हणायची, तोंडावर हात धरून.

गंमत पुढे आहे, जर तिला गंमत म्हणायची असेल तर. मास्तर म्हणाला तसंच झालं. नुसत्या बायका आणि नुसत्या आया यादीतून गाळल्या गेल्या. निवडणुकीला उभा होता सासऱ्यांच्या स्नेह्यांपैकी एक, आणि मतांची चणचण. घरातल्या बायकांत नाव शाबूत होतं ते एकट्या सुनीतीवहिनीचं. मग त्याच सासऱ्यांनी दमणीला बैल जुंपले आणि तिला गादीवर बसवून मत द्यायला नेलं! ती परत आली तेव्हा लीलावती ओसरीच्या खांबाआड उभी होती. वहिनीने बोटाची शाई दाखवली आणि अर्ध्या दाताने हसली, तोंडावर हात न धरता. तसं हसताना लीलावतीने तिला पुन्हा कधी पाहिलं नाही.

पुढच्या निवडणुकांत लीलावतीचं नाव लागलं. पण चिठ्ठी कमलाकररावांच्या हातात, नाव तेच सांगत आणि कुठल्या चित्रावर मत द्यायचं तेही तेच सांगत. बाईंची तक्रार नव्हती. माणूस मऊ होता, त्याने कधी हात उगारला नाही. पण हात उगारला नाही म्हणून भीती जाते थोडीच? ती एकदा घरात शिरली की घरच्यासारखी राहते.

मंगळवारी पत्र कोटाच्या खिशात तसंच, सोबत ते कार्डही. बुधवारीही तसंच. संजयने विचारलं, “टाकलंस ना?” आणि बाईंनी मान हलवली. विहिरीचं सोडलं तर मुलाशी बोललेलं हे पहिलं खोटं. त्या दिवसापासून त्यांना जेवण जाईना. टपालाचा आवाज आला की वाटे, आलेच. टीव्हीवर निवडणुकीच्या बातम्या लागल्या की त्या उठून आत जात. आपल्यामुळे पोराच्या नोकरीवर येईल, आपल्याला विमानात बसवतील, आणि तिकडे उतरून जायचं कुठे? घर तर विकलेलं. हे सगळं डोक्यात दळण दळल्यासारखं फिरे, आणि तरी रोज साडेबाराला पेटीपाशी हात जाऊन परत येई. का, ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पाच मे, गुरुवार. पेटीसमोरच्या चर्चच्या हॉलवर मतदानाची पांढरी पाटी लागली होती आणि लोक आत-बाहेर करत होते, भाजीला निघाल्यासारखे. ना पोलिसांची रांग, ना जीप, ना कर्णे. बाई पेटीशी उभ्या राहिल्या. आज पत्र टाकलं काय, न टाकलं काय, उशीर झालाच होता. घरी जावं हे बरं. आपण बरं की आपलं घर बरं.

एक बाई तान्ह्या मुलाची गाडी ढकलत आत गेली. तिच्यासाठी कोणीतरी दार धरलं होतं. त्याने मागे लीलावतीबाईंना पाहिलं आणि दार तसंच धरून ठेवलं, वाट पाहत. आता कोणी दार धरून उभं राहिलं असता तोंड फिरवून जाणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. इतक्या वर्षांत कुणाला नाही म्हणायला त्या शिकल्याच कुठे होत्या? त्या गेल्या आत.

टेबलामागे एक म्हाताऱ्या गोऱ्या बाई आणि एक टक्कल पडलेले गृहस्थ. पुढे लांबलचक यादी, पट्टी आणि पेन्सिल. काही बोलावं लागू नये म्हणून लीलावतीबाईंनी खिशात होतं ते सगळं काढून टेबलावर ठेवलं. कार्डही आणि पाकीटही.

गोऱ्या बाईंनी कार्ड पाहिलं, मग पाकिटावरचा कौन्सिलचा पत्ता. “हे आमच्यासाठी आहे का?” लीलावतीबाईंनी मान हलवली. गोऱ्या बाईंनी पत्र उघडून वाचलं. झालं. आता खोली, तीन तास.

“ओह, नो, नो, माय डिअर,” त्या म्हणाल्या. “इंडिया? कॉमनवेल्थ. यू आर अलाउड.” मग बाईंना कळेना असं पाहून, हळूहळू, एकेक शब्द तोडून म्हणाल्या, “यू... कॅन... व्होट. इफ यू वाँट.”

‘कॅन’ बाईंना कळलं. ‘वाँट’ही कळलं. अन्वी लहानपणापासून त्यांना हेच विचारत आली होती. आजी, डू यू वाँट?

“यस,” लीलावतीबाई म्हणाल्या.

“युअर नेम, प्लीज?”

कार्डावर होतं की नाव! पण त्या गृहस्थांनी पेन्सिल धरून वर पाहिलं. नियम असावा, नाव तोंडाने सांगायचं. परका पुरुष, हातात यादी, आणि प्रश्न तोच. मागे चार माणसं. बाईंची जीभ टाळ्याला चिकटली. त्यांना हॉल दिसेना. त्यांना दिसला तांब्या, तांब्याच्या काठाला लागलेलं रक्त आणि तो घासणारे आपले हात. आणि वहिनीची ती नजर, चल म्हणणारी.

“लीलावती,” त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की स्वतःलाच ऐकू आला नाही. मग पुन्हा, जरा मोठ्याने, “लीलावती कमलाकर बोधनकर.” नवऱ्याचं नाव त्यांनी आजवर घेतलं ते लग्नाकार्यात, उखाण्यात गुंफून. असं उघड्यावर, कोरडं, पहिल्यांदाच. आभाळ काही कोसळलं नाही.

गृहस्थांनी ते नाव आणि त्याचा आकडा जसा जमेल तसा मोठ्याने वाचला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा. मग नावाखाली पट्टी सरकवली, पेन्सिल टेकवली आणि त्यावर सरळ रेघ ओढली.

“नो!” लीलावतीबाई ओरडल्या. खोडलं! सांगितलं तरी खोडलं! त्यांनी टेबलाची कड धरली. “नो, नो! आय... माय नेम!”

हॉलमधली माणसं वळून पाहू लागली. गोऱ्या बाई उठून टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी यादी बाईंच्या पुढ्यात फिरवली. वरखाली कितीतरी नावांवर तशीच रेघ. मग त्यांनी दाराकडे बोट केलं, निघून गेलेल्या गाडीवाल्या बाईकडे, आणि तिच्या नावावरची रेघ दाखवली. जो येऊन गेला त्याच्यावर रेघ. मग बाईंच्या हातात एक कागद ठेवला.

आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल होती. बाईंनी तिथे बराच वेळ घेतला. फुली कुणावर मारली ते मला ठाऊक नाही. विचारलं तर सांगतील असं वाटतही नाही.

संजय साडेसहाला आला तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. बाई दिवाणखान्यात बसून होत्या, समोर टेबलावर ते फोडलेलं पत्र. भिंतीवर श्रीधररावांचा फोटो. संजयचे ते मोठे बाबा, सुनीतीवहिनी त्याची मोठी आई. त्याला इंजिनिअर केलं ते त्यांनीच, म्हणून इथेही त्यांना देवाच्या शेजारची जागा.

“हे पत्र इथे कसं? आई, तू टाकलं नाहीस?”

“मत दिलं मी,” बाई म्हणाल्या. “चालतं म्हणाली ती. अन्वीचं खरं होतं.”

“पण मी तुला सांगितलं होतं...” आवाज थोडा चढला, थोडाच, आणि तो एक पाऊल पुढे आला, पत्र उचलायला. बाईंचा हात झटकन तोंडावर गेला. आडवा, ओठांवर, दात झाकून.

संजय जागच्या जागी थांबला. “आई,” तो हळू आवाजात म्हणाला, “मी काय मारणार आहे का तुला? मी कधी... आई, असा हात मोठी आई धरायची.”

बाईंनी हात खाली घेतला. मतदानाच्या हॉलमध्ये वाटली ती भीती या भीतीपुढे काहीच नव्हती, कारण आता बोलायचं होतं ते पोटच्या पोराशी, आणि बोललेलं परत घेता येणार नव्हतं. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग संजयकडे.

“बस इथे,” त्या म्हणाल्या. “तुझी मोठी आई विहिरीवर पडली नव्हती रे.”